न्यूग्रेंजचे दफनस्थान : दगडांनी राखलेली सतरा मिनिटे

प्राचीन वास्तूंचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते इजिप्तचे पिरॅमिड. शाळेच्या पुस्तकात त्यांचे चित्र असते आणि ते आपल्या मनावर कायमचे ठसते. परंतु गीझा येथील खुफू राजाचा महान पिरॅमिड उभारला जाण्यापूर्वी सुमारे सहाशे वर्षे, युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाच्या बेटावर, लोखंड-तांबे यांचा स्पर्शही न झालेल्या शेतकऱ्यांनी एक अशी वास्तू बांधली, की तिच्या अंतर्गृहात आजही पावसाचे पाणी झिरपत नाही आणि वर्षातील ठराविक दिवशी सूर्याचा किरण बिनचूक आत येतो. ही वास्तू म्हणजे न्यूग्रेंज येथील दफनस्थान होय. तिच्या बांधणीचा आणि त्याहून अधिक तिच्या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही त्यांच्या बुद्धीचे मोजमाप पुढच्या शिकलेल्या पिढ्यांनी कसे केले, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

स्थान आणि रचना

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरवर मीथ परगण्यात बॉइन नावाची नदी एक मोठे वळण घेते. या वळणाच्या कुशीत सुपीक जमीन आहे आणि तेथील उंचवट्यांवर न्यूग्रेंज, नाउथ व डाउथ अशी तीन महाकाय दफनस्थाने आहेत. त्यांच्या आसपास लहान टेकाडेही पुष्कळ आहेत. या साऱ्या परिसराला आयरिश भाषेत ‘ब्रू ना बोन्या’ म्हणजे बॉइनकाठचा वाडा असे म्हणतात. १९९३ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ‘न्यूग्रेंज’ हे नाव मात्र फार अलीकडचे आहे. मध्ययुगात ही जमीन ११४२ साली स्थापन झालेल्या मेलिफाँट येथील ख्रिस्ती मठाच्या ताब्यात होती. मठाच्या दूरच्या शेतवाडीला ‘ग्रेंज’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले.

बाहेरून पाहता न्यूग्रेंज म्हणजे एक प्रचंड गोलसर टेकाड. त्याचा व्यास सुमारे ८५ मीटर, उंची १२ ते १३ मीटर आणि त्याने व्यापलेली जमीन एक एकराहून अधिक. नदीतल्या गोट्यांचे थर आणि गवतासह कापून आणलेली मातीची ढेपळे एकावर एक रचून हे टेकाड केलेले आहे. या मालाचे वजन सुमारे दोन लाख टन असावे असा अंदाज आहे. टेकाडाचा पाया ढासळू नये म्हणून त्याच्या कडेने ९७ मोठ्या शिळा एकमेकींना भिडवून आडव्या बसविल्या आहेत.

आग्नेयेकडे प्रवेशद्वार आहे. त्यासमोर आडव्या ठेवलेल्या शिळेवर एकात एक गुंतलेली वर्तुळे व शंकरपाळ्यांसारखे आकार कोरलेले आहेत. ही शिळा ओलांडून आत गेले की दोन्ही बाजूंना उभ्या शिळांच्या रांगा असलेला, जेमतेम एक माणूस जाईल इतका अरुंद, सुमारे १९ मीटर लांबीचा बोळ लागतो. असा बोळ असल्यामुळेच या प्रकारच्या वास्तूंना पुरातत्त्वज्ञ ‘बोळाचे दफनगृह’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. बोळाच्या शेवटी मध्यगृह असून त्याला तीन बाजूंना तीन कोनाडे आहेत. कोनाड्यांत दगडी परातींसारखी खोलगट पात्रे ठेवलेली आहेत. मृतांच्या अस्थी व राख त्यांत ठेवीत असावेत. उत्खननात किमान पाच व्यक्तींचे अवशेष येथे मिळाले. काही जळालेले होते, काही न जळालेले. त्यांच्यासोबत मणी, पदके, हाडाच्या टाचण्या आणि दगडाच्या गोट्या एवढाच ऐवज सापडला. सोने नाही, शस्त्र नाही. ज्यांच्यासाठी दोन लाख टनांचा डोंगर रचला त्यांच्याजवळ ठेवलेला हा ठेवा एका ओंजळीत मावेल एवढा आहे.

अडाण्यांची स्थापत्यविद्या

या लोकांपाशी काय होते याचा हिशेब आधी केला पाहिजे. हे नवाश्मयुगातील शेतकरी. गहू व जव पिकवावे, गुरे पाळावीत, दगडाच्या कुऱ्हाडीने जंगल तोडावे, मातीची भांडी घडवावीत, असे त्यांचे जीवन होते. धातू त्यांना ठाऊक नव्हता. चाक नव्हते, घोडा नव्हता, लिपी नव्हती. प्राचीन हाडांतील आनुवंशिक द्रव्याच्या अलीकडील अभ्यासावरून या शेतकऱ्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर करीत आजच्या तुर्कस्तानाच्या भागातून पश्चिमेकडे आले असे दिसून आले आहे.

अशा लोकांनी टनावारी वजनाच्या शेकडो शिळा लाकडी ओंडके, दोरखंड आणि माणसांचे खांदे यांच्या बळावर आणल्या. दर्शनी भागातील पांढरी गारगोटी दक्षिणेकडील विक्लोच्या डोंगरांतून आली आणि गुळगुळीत करडे गोटे उत्तरेकडील समुद्रकिनाऱ्याकडून आले. म्हणजे दोन विरुद्ध दिशांच्या मुलखातून सामान गोळा केले गेले. हे काम एका गावाचे नव्हे आणि एका हंगामाचेही नव्हे. पेरणी-कापणी सांभाळून, अनेक वस्त्यांनी मिळून, कित्येक वर्षे केलेले हे काम असले पाहिजे. ज्याने पहिली शिळा ओढली त्याला छत पाहायला मिळाले असेलच असे नाही.

मध्यगृहाचे छत तर विशेष पाहण्यासारखे आहे. चुना किंवा अन्य कोणताही सांधा न वापरता सपाट शिळांचे थर असे रचले आहेत, की प्रत्येक वरचा थर खालच्या थराहून किंचित आत सरकलेला आहे. असे करीत करीत सुमारे सहा मीटर उंचीवर तोंड लहान होते आणि तेथे एकच शिळा झाकणासारखी बसविली आहे. वर टेकाडाचे सारे ओझे असताना पाच हजार वर्षांत हे छत कोसळलेले नाही.

पाण्याचा बंदोबस्त त्याहून नवलाचा. आयर्लंड हा बारमाही पावसाचा देश. या लोकांनी छताच्या शिळांच्या वरच्या अंगाला पन्हळी कोरल्या, म्हणजे झिरपणारे पाणी बाजूला वाहून जाईल. शिळांमधील फटी त्यांनी भाजलेली माती व समुद्राची वाळू यांनी बुजविल्या. या पन्हळी टेकाडाच्या पोटात होत्या. बांधून झाल्यावर त्या कोणाला दिसणार नव्हत्या, तरी त्या काळजीपूर्वक कोरल्या गेल्या. फटींत भरलेल्या त्या भाजलेल्या मातीतील कोळशाच्या कणांनीच पुढे या वास्तूचे वय सांगितले. कर्ब-१४ पद्धतीने ते इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचे ठरले. इंग्लंडमधील प्रसिद्ध स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी उभ्या राहिल्या.

श्रेय कोणाचे ?

कालांतराने टेकाडाची कड ढासळली, प्रवेशद्वार मातीखाली गेले आणि सुमारे चार हजार वर्षे वास्तूचे अंतरंग बंद राहिले. लोकांच्या स्मृतीत मात्र ते टेकाड जिवंत होते. आयरिश पुराणकथांत ते दाग्दा या देवतेचे व त्याचा पुत्र एंगस याचे निवासस्थान मानले जाई.

१६९९ साली तेथील जमीनमालक चार्ल्स कॅम्पबेल याला दगड हवे होते. टेकाडात फुकटचा दगड भरपूर, म्हणून त्याने मजूर लावले. दगड काढता काढता मजुरांना ती कोरीव शिळा आणि तिच्यामागचा बोळ लागला. योगायोगाने त्याच सुमारास ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयाचा अधिकारी एडवर्ड लुइड हा वेल्श विद्वान आयर्लंडच्या दौऱ्यावर होता. त्याने आत जाऊन पाहिले आणि वर्णन लिहून ठेवले. टेकाडाच्या माथ्याजवळ एक रोमन नाणे सापडले होते. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की ही वास्तू मध्ययुगातील डेन लोकांची असू शकत नाही, ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. पुराव्याला धरून केलेला हा तर्क होता आणि तो बरोबर होता.

परंतु पुढच्या विद्वानांनी तो मार्ग सोडला. १७२६ साली टॉमस मॉलिनो याने ही वास्तू डेन लोकांचीच ठरविली. नंतर कोणी फिनिशियन दर्यावर्दी आणले, तर कोणाला तिचे मूळ थेट पूर्वेच्या देशांत दिसले. या सर्व मतांत एक गोष्ट समान होती. ज्या मातीत ही वास्तू उभी आहे तेथील प्राचीन रहिवाशांनी ती बांधली असेल, हे कोणाला पटत नव्हते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना रचताही येत नसणार, हा पूर्वग्रह त्यामागे होता. राज्यकर्त्यांच्या नजरेने पाहणाऱ्या विद्वत्तेला आयरिश माणूस मागासलेला वाटे, मग त्याच्या भूमीतील पूर्वज सुधारलेले कसे असतील ?

पूर्वग्रहाइतकीच हानी उतावळेपणानेही केली. १८४७ साली शेजारच्या डाउथच्या टेकाडात घाईने खोदकाम करण्यात आले. त्याने टेकाडाच्या मध्यावर जो मोठा खड्डा पडला तो आजही दिसतो. १८८२ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे ही तिन्ही दफनस्थाने सरकारी संरक्षणाखाली आली.

लोकवार्ता खरी ठरली

न्यूग्रेंजचे शास्त्रशुद्ध उत्खनन १९६२ ते १९७५ या काळात कॉर्क येथील विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी केले. त्यांच्या पत्नी क्लेअर ओ’केली यांनी शिळांवरील कोरीव कामाची बारकाईने नोंद केली. १९६३ साली प्रवेशद्वाराच्या वर, छताच्या सांध्यात, दगडी चौकटीसारखी एक अरुंद फट सापडली. दार तर खाली होते, मग ही दुसरी वाट कशासाठी ? फट बंद करण्यासाठी गारगोटीचे ठोकळे वापरीत. त्यांच्या सरकण्याने खालच्या दगडावर ओरखडे उठले होते. म्हणजे ती पुनःपुन्हा उघडली व मिटली जात होती.

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते, ते गावकऱ्यांच्या तोंडी होते. उगवत्या सूर्याचा प्रकाश कधीकाळी थेट आतल्या गृहात पोहोचत असे, अशी एक जुनी समजूत त्या भागात प्रचलित होती. प्रथमदर्शनी ती स्टोनहेंजच्या उन्हाळी सूर्योदयाच्या गोष्टीची सरमिसळ वाटे, आणि बोळाची दिशा पाहता उन्हाळ्यातला सूर्य तेथे पोहोचणे अशक्यच होते. पण प्रा. ओ’केली यांनी ती समजूत हसण्यावारी नेली नाही. बोळाचे तोंड आग्नेयेला आहे. सूर्य सर्वांत दक्षिणेकडे उगवतो तो वर्षातील सर्वांत लहान दिवशी. तेव्हा समजूत खरी असेल तर ती हिवाळ्यातच खरी असली पाहिजे, असा विचार करून २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ते एकटेच त्या अंधाऱ्या गृहात जाऊन थांबले.

दरीपलीकडच्या क्षितिजावर सूर्य आला आणि थोड्याच मिनिटांत दारावरच्या फटीतून प्रकाशाची एक बारीक रेघ बोळातून सरकत मध्यगृहाच्या जमिनीवर उतरली. ती रुंदावली, सारे गृह उजळले, छतापर्यंतचे दगड दिसू लागले. मग ती आक्रसत गेली आणि नाहीशी झाली. पुढील वर्षी त्यांनी पुन्हा खात्री केली. हा प्रकाश सुमारे १७ मिनिटे टिकतो.

यामागील गणित समजून घेण्यासारखे आहे. बोळाची जमीन आत जाताना चढत जाते आणि मध्यगृहाची जमीन साधारणपणे दारावरच्या फटीच्या पातळीला येते. त्यामुळे दारातून शिरणारा प्रकाश अर्ध्या वाटेतच अडतो आणि फटीतून येणारा किरण मात्र सरळ आत पोहोचतो. दार शिळेने बंद केले तरी सूर्याची वाट उघडी राहावी, अशी ही योजना आहे. पृथ्वीच्या आसाचा कल गेल्या पाच हजार वर्षांत सुमारे अर्ध्या अंशाने बदलला असल्याने आज किरण सूर्योदयानंतर सुमारे चार मिनिटांनी आत येतो. बांधणीच्या काळी तो सूर्य उगवताक्षणीच येत असे. अनेक वर्षे क्षितिज पाहून, खुणा करून, पिढीकडून पिढीकडे ते ज्ञान सोपविल्याखेरीज असे काम होणे नाही. लिपी नव्हती, पण शाळा होती असेच म्हटले पाहिजे. तिची इमारत आकाशाखाली होती आणि तिचे पाठ तोंडी होते.

दक्षिणेत हिवाळा म्हणजे सुखाचे दिवस. त्या देशात मात्र डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. धान्य संपत आलेले, गुरांना चारा नाही, अंधार रोज वाढतो आहे. ज्या दिवशी तो वाढणे थांबते तो दिवस त्या शेतकऱ्याला किती मोलाचा वाटत असेल याची कल्पना करावी. त्याने तो दिवस आपल्या मृतांच्या घरात आणून ठेवला.

अजून न मिटलेले वाद

उत्खननानंतर वास्तूची पुनर्रचना झाली आणि तिच्यावरून वाद उद्भवला. प्रवेशद्वाराबाहेर जमिनीवर गारगोटीचा थर पसरलेला आढळला होता. ती मूळची सुमारे तीन मीटर उंचीची भिंत असून कालौघात कोसळली, असे प्रा. ओ’केली यांचे मत पडले. त्यानुसार पांढरी शुभ्र, जवळजवळ उभी भिंत सिमेंट-काँक्रीटच्या आधाराने बांधण्यात आली. आज छायाचित्रांत दिसते ती हीच. इतर तज्ज्ञांचे म्हणणे असे की ती भिंत नव्हतीच, दारापुढची फरसबंदी होती. शेजारच्या नाउथ येथे प्रा. जॉर्ज ओगन यांनी चाळीसहून अधिक वर्षे उत्खनन केले. तेथे दोन विरुद्ध दिशांनी आत जाणारे दोन बोळ १९६७ व १९६८ साली सापडले. तेथेही गारगोटी मिळाली, पण ती जमिनीवरच ठेवली गेली. एकाच काळच्या, एकाच मुलखातल्या दोन वास्तू आज पाहणाऱ्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. जुने जपताना आपण त्यात आपले किती मिसळतो, हा प्रश्न प्रत्येक देशातील स्मारकांना लागू आहे.

दुसरा वाद नवीन आहे. न्यूग्रेंजच्या गृहातील एका पुरुषाच्या कवटीच्या तुकड्याचा आनुवंशिक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याचे आईबाप अत्यंत जवळच्या रक्तनात्यातील होते असे त्यातून निघाले. त्यावरून, अशा विवाहांना मान्यता असलेले एखादे राजघराणे येथे सत्तेवर असावे, असे अनुमान संशोधकांनी मांडले. २०२५ साली दुसऱ्या पुरातत्त्वज्ञांनी त्याला हरकत घेतली. एका हाडावरून राजवंश सिद्ध होत नाही, त्या काळी अस्थी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेल्या जात, वस्त्यांत राजवाड्यासारखे काही आढळत नाही, असे त्यांचे मुद्दे आहेत. मोठे काम दिसले की त्यामागे राजा हवाच, असे आपण गृहीत धरतो. अनेक वस्त्यांनी आपखुशीने एकत्र येऊन ते केले असेल, ही शक्यताही तितक्याच गंभीरपणे विचारात घ्यायला हवी.

दख्खनशी जुळलेला धागा

या विषयाचा आपल्या भागाशी एक खराखुरा संबंध आहे. कर्नल मेडोज टेलर हे नाव ‘ठगाची जबानी’ या कथेमुळे व चांदबीबीवरील कादंबरीमुळे इतिहासप्रेमींना परिचित आहे. निजामाच्या नोकरीत त्यांचे आयुष्य गेले. सुरापूर संस्थानाचा कारभार त्यांनी पाहिला, नंतर नळदुर्ग जिल्ह्याचे ते अधिकारी होते आणि १८५७ साली त्यांच्याकडे बुलढाण्याचा कार्यभार आला. सुरापूरकडे असताना भीमाकाठच्या जेवरगी परिसरात त्यांना शिळावर्तुळांनी वेढलेली दगडांची टेकाडे दिसली. त्यांनी ती खणली. त्यांत सांगाडे, मातीची भांडी आणि लोखंडी हत्यारे निघाली. त्यांनी खोदकामाचे थर दाखविणारी चित्रे काढली. जवळजवळ शंभर वर्षांनंतर मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या कठोर पुरातत्त्वज्ञाने त्यांची प्रशंसा केली. निवृत्तीनंतर टेलर डब्लिनला राहिले आणि १८६०च्या दशकात दख्खनच्या या दफनस्थानांवरील त्यांचा प्रबंध डब्लिनच्याच रॉयल आयरिश अकादमीने छापला. न्यूग्रेंजच्या शेजारी बसलेल्या विद्वानांनी अशा रीतीने भीमाकाठची थडगी कागदावर पाहिली.

दोन्हीकडचे साम्य पाहून टेलर यांना वाटले की हे सारे एकाच वंशाच्या लोकांचे काम असावे. आज आपल्याला ठाऊक आहे की तसे नाही. दख्खनची व विदर्भाची महापाषाणीय दफने लोहयुगातील, न्यूग्रेंजनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी झालेली. नागपूरजवळचे जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, नैकुंड येथे शिळावर्तुळांच्या पोटातून घोड्यांचे अलंकार, लोखंडी अवजारे आणि नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांचे त्यातील कार्य मोठे आहे. आयर्लंडचा शेतकरी आणि विदर्भातील लोहार यांचे नाते रक्ताचे नव्हते. आपल्या माणसाला मातीआड करताना त्यावर टिकाऊ खूण ठेवावी, ही इच्छा मात्र दोघांच्या मनात स्वतंत्रपणे उपजली. सारखेपणा दिसला की उसनवारीचा शोध घेण्याची गरज नसते. दुःख सगळीकडे सारखेच असते आणि दगडही सगळीकडे मिळतो.

आपल्याकडच्या पुष्कळ शिळावर्तुळांवर रस्ते, खाणी व वसाहती यांचे संकट आहे. १६९९ सालच्या त्या जमीनमालकाप्रमाणेच तेथे दगड काढणाऱ्याला समोर फक्त खडीच दिसते. कोरीव शिळा लागताच काम थांबविण्याइतकी जाण त्या वेळी दाखविली गेली म्हणून न्यूग्रेंज राहिले. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या गावाभोवतीच्या टेकाडांची नोंद करणे, वृद्धांकडून त्यांच्याविषयीच्या गोष्टी ऐकून लिहून घेणे, हे खर्चाचे काम नाही. न्यूग्रेंजचे कोडे सुटले ते एका प्राध्यापकाने गावकऱ्यांची गोष्ट ऐकून घेतली म्हणून, आणि ऐकल्यावर तीवर नुसता विश्वास न ठेवता डिसेंबरच्या थंडीत जाऊन ती तपासली म्हणून. ऐकणे आणि तपासणे या दोन्ही सवयी लावणे हेच शिक्षणाचे काम आहे.

आज दरवर्षी १८ ते २३ डिसेंबरच्या दरम्यान त्या सूर्योदयाच्या वेळी आत उभे राहण्यासाठी जगभरातून हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या टाकून मोजक्यांची निवड होते. कधी आभाळ ढगाळलेले असते आणि किरण येतच नाही. तरीही लोक जातात. बांधणाऱ्यांनाही ढगांची खात्री नव्हतीच. त्यांनी आपल्या हातचे तेवढे नेमके केले, आणि ते पाच हजार वर्षे टिकले.